दुपटीची काच आणि बेहड्यावरची जोडी

मंडळी, ऐका. लांब गेलेलं माणूस जवळ आणायचं, तर हातचं काय सोडावं लागतं? सांगा! गप्प का? बरं, मीच सांगतो.

देवरूखजवळच्या एका गावात पद्माकर लोवलेकर, निवृत्त पोस्टमास्तर. बायको वत्सला लेकीच्या बाळंतपणाला कॅनडात गेलेली. घरात उरले दोघं — हे आणि कॅमेरा.

देवराईत बेहड्याच्या ढोलीत धनेशाची मादी बसली होती. ही जात कशी? मादी आत शिरून दार लिंपून घेते, चोचीपुरती फट ठेवते, आणि नर महिनोन् महिने फळं भरवतो. (आपल्याकडे चहा मागितला तरी — असो. जोडीनं आलेली मंडळी पुढेच बसलीत.) जाताना वत्सलाबाई म्हणाल्या होत्या, ती बाहेर आली की तिचा चेहरा मला दाखवा.

अडचण एवढीच, की गावानं झाडाभोवती दोरी बांधलेली. पलीकडे पाऊल नाही, पोस्टमास्तर असला तरी! म्हणून त्यांनी रत्नागिरीहून टेलिकन्व्हर्टर आणला, कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसवायची काच. दुकानदारानं विचारलं, दीडपटीचा की दुपटीचा? विरहातला माणूस दीडपट कशाला घेईल? पक्षी दुप्पट दिसतो, पण उजेड पाव उरतो, हे दुकानदारानं सांगितलं होतं. यांनी अर्धंच ऐकलं.

एका सकाळी भिंत फुटली. मादी बाहेर! देवराईत आधीच अंधार. लेन्स मागे-पुढे घुरघुरते, काही धरेना. फोटोत आला राखाडी फराटा. आता वत्सलेला काय दाखवायचं? त्यांनी ती काच काढली, साधी लेन्स लावली, वर पाहिलं. पुन्हा टिपलं.

पक्षी तिळाएवढे. लाजतच पाठवला. फोन आला.

"अहो, चेहरा कुठाय हिचा?"

"नाही जमला गं. लांबूनच आहे."

तिनं फोटो पुन्हा उघडून पाहिला.

"पण दोघं एकाच फांदीवर बसलीत, हे दिसलं," ती म्हणाली. "जवळून घेतला असतात, तर एकच मावली असती." मग हळूच, "तिची भिंत फुटली. मला कधी बाहेर काढताय?"

पद्माकररावांनी दुपटीची काच कपाटात ठेवली आणि लेकीला फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदा बायकोसाठी रजेचा अर्ज केला, तोही तोंडी!

तर मंडळी, खिशात जो फोन आहे, त्यात रोज कुणाचा तरी चेहरा ओढून मोठा करता ना? तिथला उजेड किती उरलाय, ते कधी विचारलंत? आता नाम घ्यायला डोळे मिटा. मिटल्यावर जो दिसेल, त्याला घरी गेल्यावर बोलावून घ्या.