सूनबाईच्या हातचा चहा

चहा पेता पेताच आयका, कारन किस्सा चहाचाच हाय. आमच्या शेजारचे भगवानकाका सकाळी बाजेवरच मरून पडले. तोंड निळं पडलं होतं, म्हनून पोलिसायनं त्यायले पोस्टमार्टमले दिग्रसले नेलं. आमी सारे त्यायच्या ओट्यावर बसून वाट पाहून राह्यलो.

तिथंच गजाननभाऊनं आपलं पोस्टमार्टम सुरू केलं. एका मेडिकलच्या दुकानात काही दिवस गोळ्या इकल्या, तेवढीच त्याची डॉक्टरकी.

"निळं तोंड म्हंजे जहर. अटॅकनं मानूस पांढरा पडते."

मी म्हनलं, "पन जहर देईन कोन?"

"सून! रोज भांडे सासऱ्यासंगं. सकाळच्या चहातच देल्लं असन. साखरेत चव समजत नाही."

लोकं माना हालवत चहाचे घोट घेऊन राह्यले. मयताच्या घरी चूल पेटत नाही, चहा शेजारून येते, म्हंजे आमच्याच घरून. म्हनून सारे निर्धास्त.

तेवढ्यात माही बायको किटली घेऊन आली. "घ्या अजून. आपला गॅस सरला ना, म्हनून मघाचाबी सूनबाईनंच करून देल्ला."

कोनाचाच घोट खाली उतरेना. गजाननभाऊचा कप तं रिकामा झालता.

त्यानं तोंड पुसलं. "तसं पाहाल तं अटॅकच हाय. अटॅकनंबी मानूस निळा पडते."

"अटॅकच, अटॅकच," सारा ओटा म्हने.

मंग तो माह्या बायकोजवळ सरकला अन् हळूच म्हने, "वहिनी, सूनबाईनं सोता पेला का हो हा चहा?"