सरासरी सहा टोपल्या

नाही, मला सांगा, बेसिल मास्तरांनी करायचं तरी काय होतं? साल बावन्न, जाळ्याचं सूत परवान्याशिवाय मिळेना, अर्नाळ्याच्या कोळ्यांची जाळी इतकी फाटलेली की मासळी इकडून शिरून तिकडून निघून जायची, आणि अशात कचेरीचा हुकूम आला... होडीमागे सरासरी पाचाहून कमी टोपल्या येतील त्याच गावाला सरकारी सूत. आता तक्ता भरणारा गावात कोण? शाळेतले बेसिल मास्तर.

मास्तर दिवसभर किनाऱ्यावर उभे. दोन टोपल्या आणणाऱ्या होड्या पाच, तीन आणणाऱ्या सहा, चार आणणाऱ्या तीन. चौदा होड्या, चाळीस टोपल्या. इथवर ठीक होतं हो, पण तुम्हाला सांगतो, पंधरावी लागली ती परगावच्या शेठची इंजिनाची लाँच. तिच्या एकटीच्या पन्नास! मास्तर प्रामाणिक, तीही लिहिली. नव्वद भागिले पंधरा... सरासरी सहा. सूत गेलं.

मास्तरांचा धाकटा भाऊ फ्रेडरिक, त्याच्या होडीला दोनच टोपल्या. तो तक्ता बघत राहिला. म्हणाला, "दादा, ही सा टोपल्या आननारी होडी कोनाची रे? किनाऱ्यावर तं दिसली नाय."

मास्तर उठले, तडक कचेरीत गेले. "साहेब, होड्या चढत्या क्रमानं ओळीत लावा. पंधरातली मधली आठवी, तिच्या टोपल्या तीन. याला मध्यक म्हणतात. माझं गाव तीन टोपल्यांवर जगतंय."

साहेब चष्मा पुसत, नाकातून, "मध्यक उत्तम आहे मास्तर. पण छापील फॉर्मात रकाना सरासरीचा आहे."

"मग ती लाँच वगळा."

"म्हणजे खोटी माहिती द्यायला सांगताय?"

झालं. सरासरी सहा. फ्रेडरिकची बायको आल्बिना दोन जाळी उसवून एक सांधत बसली आणि मास्तरांशी बोलेनाशी झाली. रविवारी चर्चमधली मिस्सा सुटली की लोक हळूच म्हणायचे, "आले बघ, सा टोपल्या." शिकलेल्या माणसाला गावानं नाव ठेवावं तेही गणितात, याहून वाईट काय हो?

पुढच्या वर्षी लाँच दुसऱ्या बंदराला गेली. होड्या त्याच चौदा, टोपल्या त्याच चाळीस, सरासरी तिनाच्याही आत. मास्तरांनी तक्ता दोनदा तपासून पाठवला, आल्बिनाला निरोप धाडला, यंदा सूत येणार. आले कोण? साहेब स्वतः. गाव शाळेत जमवलं आणि म्हणाले, "गेल्या साली सरासरी सहा, यंदा तीनही नाही. एका वर्षात निम्म्याखाली आलात. हा निव्वळ आळस आहे. आळशांना सूत देऊन सरकार काय करणार?" आणि मग अर्धा तास श्रमाच्या महतीवर.

मास्तर बोलायला अर्धे उठले, साहेबांनी नुसतं बघितलं, बसले. भाषण संपलं. टाळी कोणी वाजवेना... शेवटी मास्तरांनीच वाजवली. पहिल्या रांगेत बसले होते, आणि नोकरी सरकारी.