अल्ताफची बोटं

हॅलो?… हॅलो, अश्विनीताई का?… अगं मी अम्रीन. भोरहून. अल्ताफची बहीण… व्हय, तीच.

न्हाई, न्हाई, घाबरू नको. अम्मी बरी हाय. म्हणजे… ऐक ना. भाईचा तो बारका कीबोर्ड न्हाई का, शेवटी घेतलेला… हां, मांडीवर मावतो तोच. तो आज आपोआप वाजला.

हसू नको ताई.

अगं ऐक तर. तुमच्या ऑर्केस्ट्रातले गोरखदादा उद्या न्यायला येणारेत. पडून राहण्यापेक्षा नवीन पोरं शिकतील म्हणाले. मी म्हटलं, आधी चालू तरी होतोय का बघावं. पलंगाखालनं काढला. एक ओरखडा न्हाई गं त्याच्यावर. मार्गासनीच्या वळणावर टेम्पो पलटी झाला तेव्हा भाईच्या मांडीवरच होता म्हणे… व्हय. जाऊ दे.

तर स्पीकरला जोडला, पिन लावली. दिवा लागला. मी आत चहा टाकायला गेले. अम्मी फडक्यानं पुसायला लागली… आणि वाजायलाच लागलं की!

मी पळत आले, तर अम्मी दाराकडं बघतीय. दाराला कडी होती ताई. आणि म्हणती, "आला बघ. चपला काढतोय."

मला काय सुचंना. मी पिनच उपसली… व्हय, सरळ भिंतीतनं. तेव्हापासनं एकच धोशा. परत लाव, परत लाव. आता मला कळंना कुठलं बटण. लई बटणं हायत, फिरवायचे खुंटे हायत. तू बसायचीस ना त्याच्याशेजारी. तूच सांग.

पोचती, पोचती. फोनची वायर लांब हाय. समोरच बसलीय मी. बोल.

पिन… लावली. आवाज कमी… केला. मागचं बटण… हां, दिवा आला. पडद्यावर अक्षरं पळतायत.

त्रिकोण?… दिसला. शेजारी लाल गोल हाय… लालला हात लावायचा न्हाई? का?… त्यानं नवीन भरलं जातं? बरं बरं, न्हाई लावत. नुसता त्रिकोण. दाबू?

…ऐकू येतंय? नुसता धिंगाणा हाय… कंपनीनंच भरून दिलेलं? नमुन्याचं?… अम्मी, हेच का गं मघाचं?

न्हाई म्हणती. ताई, "हे न्हाई" म्हणत न्हाई ती. "हा न्हाई" म्हणती.

मोठा खुंटा फिरवू? उजवीकडं… दोन. दाबला. गप्पच हाय. तीन… हेही रिकामं. ताई, मी पिन उपसली, त्यानं पुसलं गेलं असंल का गं?… न्हाई ना? खरं सांग… बरं. चार.

…

ताई. हेच.

थांब, फोन स्पीकरपाशी धरते. ऐक.

…ऐकलंस?… काय झालं ताई?

तुझ्या पट्टीत? काळी चार, म्हणजे… तुझ्यासाठी बसवत होता? नवीन गाणं?… आणि शब्द कुठायत?… लिहिलेच नव्हते. नुसती चाल. बरं… आणि ते मधेच थांबतंय, तिथं? नुसता ठेकाच राहतोय… ती तुझी जागा? तिथं तू गायचंस?

आमाला कुठं काय सांगायचा तो. जेवताना पण ताटावर बोटं वाजवायचा, तेवढंच.

तू गातेस ना अजून?… का?… बरं. न्हाई विचारत.

परत पहिल्यापासनं सुरू झालं बघ. फिरून फिरून तेच येतंय… हां. त्याला तसंच लावलंय का. ताई, एक विचारू? ही कॅसेटच की एक परकारची. आवाज भरून ठेवलाय…

न्हाई? आवाज न्हाई ह्याच्यात? मग काय हाय?… कुठली पट्टी कधी दाबली. किती जोरात. कधी सोडली… एवढंच?… म्हणजे आवाज दुसरा लावला तरी… कुठं फिरवू? वरचा?… थांब…

अगं बाई. बासरी झाली.

पण तोच हाय की! ती करंगळी बघ, उशिरा पडतीय. लहानपणी दारात चेंगरली होती ती, वाकडीच राहिली. मला ती करंगळी कुठंही ओळखू येईल. ताई… आवाज न्हाई, नुसती बोटं.

अम्मी, ऐकलंस? ह्याच्यात भाईची बोटं हायत… बोटं गं, बोटं.

…सांगायला नको होतं का तिला?… न्हाई, रडत न्हाई. पुढं सरकलीय. तळहात ठेवलाय पट्ट्यांवर. अलगद, ताप बघावा तसा. पट्ट्या खालीवर होतायत का ते बघतीय.

अम्मी, त्या न्हाई हलायच्या. ते आतल्या आत असतं… अगं दाबू नको… आणि त्या हातानं काय धरलंयस? ते लाल! लाल सोड!

ताई, लाल दाबला गेला! दिवा लुकलुकतोय. तिनं अख्खा हात दाबलाय पट्ट्यांवर… कुठं? परत लालच? दाबला. गेला दिवा.

हां, वाजतंय. तेच हाय. तेच… थांब, आता तुझी जागा येतीय…

ऐकलंस? धप्प झालं ते? अम्मीचा हात! ताई, तिचा हात आत गेला. आता दरवेळी येणार का हे? बरोब्बर तुझ्या जागेवर पडलंय गं…

तू रडू नको. ओरडू पण नको, मला कळत न्हाई मग. मागं फिरवायचं बटण?… कुठलं?… वाकडा बाण. सापडला. एकदाच दाबायचा… दाबला.

…गेला. व्हय, साफ गेला. जसं होतं तसं झालं. हुश्श.

काय अम्मी?

…

ताई, ती विचारतीय, "माझा हात कुठं गेला?"

आता काय सांगू हिला?… न्हाई गं, ऐकत न्हाई. मघाशी धप्प वाजलं तेव्हा हसली होती ती. मी बघितलं. वर्ष झालं हसली न्हाई. आता परत तिथं आलं गाणं, तुझ्या जागेवर, आणि ती माझ्या तोंडाकडं बघतीय. म्हणती, "तो हाय आणि मी न्हाई?"

…बाण परत दाबला तर येतो? खरंच?… मग दाबते मी.

न्हाई ताई. दाबते मी.

मला कळतंय की. तुझं गाणं हाय. तुझ्याजवळ त्याचं दुसरं काय न्हाई, तेही कळतंय. पण ऐक माझं. आमच्यात बायका कबरस्तानात जात न्हाईत. घरातनं नेला, तेव्हा ही दाराच्या आतच राहिली. मूठभर माती टाकली न्हाई तिनं. तिला त्याला हात लावायला एवढंच मिळालंय.

…दाबला.

…आला. ऐकू आला ना? धप्प. बघ, हसली.

रागवू नको ताई.

काय म्हणालीस?… दुसऱ्या रिकाम्या नंबरात उतरवायचं? चौथा होता तसाच? म्हणजे दोन्ही राहतील?… अगं मग हे आधी सांगायचं ना, बाई! मी हितं घामानं भिजले… व्हय, तुलाही सुचलं न्हाई, बरोबर हाय. सांग. "राईट" लिहिलंय ते बटण… म्हणजे उतरवून ठेव, व्हय ना? खुंटा पाचवर. परत दाबलं… झालं म्हणतोय. चौथ्यात तुझं, पाचव्यात तिचं.

गोरखदादांना? न्हाई देत आता. मी सांगते त्यांना. पोरांना दुसरा बघा म्हणावं.

येशील?… कधी? शुक्रवारी ये. स्वारगेटवरनं भोरची यष्टी हाय की. गायला ये असं न्हाई म्हणत मी. नुसती ये.

अजून वाजतंय, व्हय. कधी संपतं हे?… संपतच न्हाई? थांबवलं न्हाई तर असंच फिरत राहणार?

मग थांबवायला पायजे ना कुणीतरी.

…मी? चौकोन दिसतोय मला. पण न्हाई जमायचं ताई. खरंच न्हाई. माझं बोटच जाईना तिथं. तूच सांग अम्मीला. देते तिच्याकडं… अम्मी, हे घे. अश्विनी हाय, सांगतीय काहीतरी.

…

ताई, मीच हाय. काय सांगितलंस तिला? नुसती मान हलवत होती.

…

बंद झालं.

न्हाई, मी न्हाई. तिनंच. चौकोन कुठला विचारलं आणि स्वतःच दाबला. आता फडकं टाकतीय त्याच्यावर, चारी बाजूंनी खोचतीय.

काय गं अम्मी?…

काही न्हाई ताई. हळू बोल म्हणती. दमला असंल तो.

…हां. ठेवते.