उलटा पीळ

बसा हो, पळता कशाला — मुद्दाम बोलावलंय म्हणजे काहीतरी काम असणारच ना? शेजारच्या घरात राहायला येऊन तुम्हाला दोन महिने झाले, आणि मी काही ऊठसूट कुणाला चहाला बोलावणारा माणूस नाही. एकच विचारतो. तुमच्या गॅलरीत ती तेलाची बाटली टांगलीये ना — लाकडी चमचे आरपार घातलेली, चिमण्यांच्या दाण्यांची — ती कुणी केली? ... तुम्ही? स्वतः? बरं. बरं, बरं. मग भोकं कशाने पाडलीत? ... कात्रीने! वा! कात्रीने पाडलेल्या भोकाची कड फाटते, मॅडम. तुमच्या बाटलीची कड वितळलेली आहे, गोल, गुळगुळीत — तशी भोकं स्वेटर विणायची सुई तापवून पाडतात. चाळीस वर्षं वायरमन होतो मी. इथून दिसतं मला. चष्मा आहे, पण दिसतं.

रागावू नका. आधी मला वाटलं, माझ्या चिमण्या पळवायला टांगली असेल. हसताय काय? कठड्यावर दाणे टाकतो मी, अकरा यायच्या माझ्याकडे, आता चार येतात. मोजतो मी, दुसरा उद्योग काय आहे मला? म्हणून तुमच्या बाटलीकडे बघायला लागलो — आणि मग ती तार दिसली.

आमच्या घरचं काम आहे ते, कळलं? रविवारी जेवणं झाली की ह्याच फरशीवर वर्तमानपत्र पसरायचं. बायको सुई तापवून भोकं पाडायची, मला हात लावू द्यायची नाही — म्हणायची, तुम्ही विजेशी खेळता तेवढं पुरे. मी चमचे तासायचो. आणि मुलगी तार पिळायची. कामावरची उरलेली तार — उरलेली म्हणजे उरलेलीच, तसं बघू नका माझ्याकडे. सहा वर्षांची होती तेव्हा. माझ्या शेजारी बसून नाही शिकली, समोर बसून शिकली, त्यामुळे मी पक्कड उजवीकडे फिरवली की ती डावीकडे फिरवायची, आरशात असतं ना, तसं. मी म्हटलं, सुधारतो तिचा हात. बायको म्हणाली, राहू द्या, बाटली पडत तर नाही ना? राहिलं ते तसंच. मोठी झाली, नोकरीला लागली, तरी पीळ उलटाच. आणि तुमच्या बाटलीच्या तारेला उलटा पीळ आहे. आता बोला. ... बाजारातून आणली? अहो, आत्ता तर म्हणालात स्वतः केली!

खोटं बोलायची सवय नाही तुम्हाला, दिसतंच आहे. संशय मला मंगळवारीच आला होता. रोज संध्याकाळी सातला मी गॅलरीतला दिवा लावतो. मंगळवारी मुद्दाम नाही लावला, ह्याच खुर्चीत गप्प बसून राहिलो. आणि आठव्या मिनिटाला तुमची बेल — ‘काका, पक्कड आहे का हो?’ पक्कड मागत होतात आणि बघत कुठे होतात? माझ्या गोळ्यांच्या डबीकडे! मग घरी जाऊन फोन — ह्या भिंती पातळ आहेत, बाई — ‘हो गं, ठीक आहेत. चिडलेत, म्हणजे ठीकच आहेत.’ कुणाला सांगत होतात? ... नको, नाव घेऊ नका तिचं. ह्या घरात नको.

तीन वर्षं झाली. तिची आई गेली त्याला सहा महिने झाले होते तेव्हा आली होती राहायला. मी बँकेत गेलो तेवढ्यात हिने गॅलरी साफ केली — सगळ्या बाटल्या कचऱ्यात. तिच्या आईने भोकं पाडलेली शेवटचीसुद्धा! बोललो मी. पुन्हा ह्या दारात पाऊल ठेवू नकोस म्हणालो. काय चुकलं माझं? — हां, आतले दाणे कुजले होते, मान्य. बुरशी धरली होती. सहा महिने हात लावला नव्हता मी, लावता येत नव्हता, खोकलाही झाला होता त्या घाणीने — पण विचारायचं तरी! एका शब्दाने विचारलं असतं तर मीच टाकली असती. ... नसती टाकली. बरं, नसती टाकली. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, असं बायको म्हणायची मला. आणि लेकीकडे बघून म्हणायची, हिला तुमचाच पीळ आलाय, तोसुद्धा उलटा.

तर तिने तुम्हाला इथे आणून बसवलं. मैत्रीण ना तुम्ही तिची? घर तिनेच शोधून दिलं? ... मान हलवलीत तरी पुरे. आणि ती बाटली? ... तीही तिनेच. बाबांना दिसेल अशी टांग म्हणाली? ... असं म्हणाली?

डोळे पुसा, चहा निवतोय. आणि ऐका, त्या बाटलीच्या तळाला भोक नाही. पाणी आत गेलं की साठणार, दाणे पुन्हा कुजणार. कसं असेल, भोकं पाडणं आईचं काम होतं, हिला कोण शिकवणार? सुई आहे माझ्याकडे. कपाटात आहे, तिथेच, जिथे असायची.

फोन वाजतोय तुमचा. रोज ह्याच वेळेला वाजतो, मला माहीत आहे. उचला की — नको, इथे नको. तुमच्या घरी जाऊन उचला. आणि माझी पक्कड राहिलीये तुमच्याकडे. ती तुम्ही आणायची नाही. जिने मागायला पाठवलं, तिला आणू दे. निघा आता, निघा. आणि काका चिडलेत असं सांगू नका — चिडलोय म्हटलं की ठीक आहे असं समजते ती. सांगा, आज दिवा लावलेला नाही.