पहिलं पाणी

(पोहण्याचा तलाव, सकाळची पहिली तुकडी. उथळ भागात एक सासू दांडा घट्ट धरून उभी. शेजारी तिची धाकटी सून, इथली शिकवणारी. जरा पलीकडे एक म्हातारे शिंपी.)

सासू : दांडा मी सोडणार नाही. मी पोहायला आलेलेच नाही मुळी.

सून : मग या पोशाखात, कमरेएवढ्या पाण्यात काय करताय आई?

सासू : दारावरचा तो मिशाळ्या काय म्हणाला माहितीय? नुसतं बोलायला आत सोडत नाही म्हणे. उतरायचं असेल तर तिकीट काढा, भाड्याचा पोशाख घ्या, टोपी घाला. घातली! या वयात हे काळं कातडं अंगावर चढवून चारचौघांत आले, ते तुला एक प्रश्न विचारायला.

सून : फोन करायचा ना.

सासू : फोन तुझा कपाटात आणि तू पाण्यात. लोक सुनेला पाण्यात पाहतात, मी पाण्यात उतरून पाहतेय. आता बोल. देवी कुठाय?

सून : आई, जरा हळू...

सासू : हळू काय? पहाटे तुझ्या थोरल्या जावेचा फोन आला म्हणून लवकर उठले, बघते तर कोनाडा रिकामा! लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून तो कोनाडा मी रिकामा पाहिलेला नाही. आणि संध्याकाळी थोरली गाडी घेऊन येतेय तिला न्यायला.

सून : आज? तुम्ही तर म्हणाला होतात, सगळे बसून ठरवू.

सासू : ठरलं. काल शब्द दिला मी तिला. ते राहू दे. देवी कुठाय?

सून : इथेच आहे.

सासू : इथे म्हणजे कुठे?

सून : ती उंच खुर्ची दिसतेय ना? तिला निळी पिशवी अडकवलीय. तिच्यात.

शिंपी : पिशवी मी शिवलीय बरं का. दुहेरी अस्तर, वरून नाडी. थेंब आत जायचा नाही.

सासू : हे कोण?

सून : शिंपीकाका. माझ्याकडे शिकतात. काका, तुम्ही पाय मारा बघू.

शिंपी : मारतोय की. कान रिकामेच आहेत, म्हणून ऐकू आलं.

सासू : अगं, ती देवी आहे की जेवणाचा डबा? पिशवीत घालून कामावर न्यायला!

सून : तुम्हीच सांगितलं होतंत.

सासू : मी? चोराच्या उलट्या बोंबा! मी कधी सांगितलं?

सून : तुमचे गुडघे धरले आणि रोजची पूजा माझ्याकडे दिलीत तेव्हा. दोनच नियम सांगितलेत. पहिलं पाणी तिचं, मग आपलं. आणि रात्रीचं साठवलेलं पाणी तिला घालायचं नाही.

सासू : मग? बरोबरच आहे. आमच्या घरात सासूच्या सासूपासून तसंच चालत आलंय.

सून : आपल्या नळाला पाणी कधी येतं?

सासू : सहाला.

सून : आणि मी पाण्यात उतरते साडेपाचला. म्हणजे माझं पाणी आधी, तिचं नंतर. उलटं झालं ना? पहिले दोन-चार दिवस तसंच केलं, पण मनाला इतकं लागलं की शिकवताना लक्ष लागेना. मग म्हटलं, तिलाच घेऊन जाऊ. तलावाचं पाणी रात्रभर यंत्रातून खेळतं असतं, साठलेलं नाही; पहाटे नितळ असतं, कुणी पाऊलसुद्धा टाकलेलं नसतं. आधी तिला बुडवून काढते, मग मी उतरते. दोन तुकड्यांच्या मधे घरी पळत येऊन कोनाड्यात ठेवते. गुडघ्यांच्या गोळीमुळे तुम्ही उशिरा उठता, तुम्हाला कळत नाही.

सासू : या पाण्यात? हे नाकाला झोंबणारं?

सून : त्यात औषध असतं. जंतू मारायचं.

शिंपी : फार कडक औषध हो. माझ्या कपाटाच्या किल्लीला पितळेची साखळी होती, नवी कोरी. ओल्या हाताने वापरून वापरून पार काळी ठिक्कर पडली. शेवटी टाकून दिली.

सासू : काय म्हणालात?

शिंपी : साखळी. टाकून दिली.

सासू : त्याच्या आधी!

शिंपी : काळी पडली म्हणालो. पितळ टिकतच नाही इथे.

सून : आई? काय झालं? आई, हसताय की रडताय?

सासू : मलाच कळत नाहीये. थांब. जरा धर मला. अगं, आपली देवीही पितळेचीच! तिचं तोंड काळवंडत चाललं होतं! मी लिंबू लावलं, राख लावली, घासून घासून बोटांची सालं गेली. सकाळी लख्ख करावी तर दुसऱ्या दिवशी पुन्हा काळोख. मला वाटलं, संपलं. माझं तोंड पाहायला नको झालं तिला. गुडघे टेकत नाही, फुलं वेळेवर नाहीत, खुर्चीत बसून लांबून नमस्कार. मला वाटलं, रुसली. या घरात राहायचं नाही तिला.

सून : म्हणून तुम्ही ताईंना शब्द दिलात?

सासू : मग काय करणार? तिचं मन उडालं असेल तर धरून ठेवणारी मी कोण? गोळी घेऊनही मध्यरात्रीपर्यंत डोळा लागत नव्हता माझा. आणि हे सगळं तुझ्या या मेल्या औषधामुळे! जीव भांड्यात पडला गं माझा.

सून : मला काय ठाऊक? मी तर तुमचा नियम पाळत होते.

सासू : पाळलास. माझ्यापेक्षा कडक पाळलास आणि ठोंब्यासारखा पाळलास. एक शब्द विचारायचास ना मला.

सून : भीती वाटायची. तुम्ही एकदा म्हणाला होतात, धाकटी देवीपाशी पाच मिनिटं टेकत नाही, हिच्या हातून काय सेवा होणार.

सासू : म्हणाले असेन. खोटं होतं का?

सून : नव्हतं. नाहीच बसता येत मला. डोळे मिटले की गॅस, इस्त्री, लाईटचं बिल, सगळं समोर नाचायला लागतं. पण आई, इथे कुणीतरी घाबरलेलं माणूस पाण्यावर आडवं होतं, त्याची पाठ माझ्या तळहातावर येते ना, तेव्हा डोक्यात काहीच उरत नाही. हात माझा असतो, पण धरणारी मी नसते. आता याहून नीट मला सांगता येत नाही. लहानपणापासून ती मला हवी होती आणि कुठे शोधायची ते कळत नव्हतं. ती मला इथे भेटली. ती ताईंकडे गेली तर मी काही बोलणार नाही, पण मला फार लागेल. हे एकदा सांगायचं होतं.

सासू : इतके दिवस तोंडाला कुलूप होतं का?

सून : ताईंकडे मोठं घर आहे. संगमरवरी कोनाडा करून घेतलाय त्यांनी. माझ्याकडे काय? एक पिशवी.

शिंपी : दुहेरी अस्तराची.

सासू : तुम्ही पाय मारा हो! बरं, एक सांगा. ही शिकवताना काही पुटपुटते का?

शिंपी : म्हणते की. हात काढायच्या आधी कानाशी येऊन म्हणते, “तिच्या हातावर आहात, माझ्या नाही.”

सासू : मग तुम्ही विचारलं नाहीत, कुणाच्या?

शिंपी : मी देव-बिव मानत नाही, वहिनी. पण जन्मभर पाण्याला भ्यालेला माणूस मी. बादलीत डोकं घालायची छाती नव्हती. ते वाक्य ऐकलं की पाठ सैल पडते. मग कशाला विचारा? कापड मनासारखं कापलं गेलं की कात्रीला गोत्र विचारत नाहीत. जाऊ का आणायला पिशवी?

सून : आणा काका, हळू. पायऱ्या निसरड्या आहेत.

सासू : दांडा सोडून चालतात की हे.

सून : आधी दांड्याला घोरपडीसारखे चिकटले होते. तुमच्याहून वाईट.

शिंपी : घ्या. धरा नीट.

सासू : अगं बाई! हे काय घातलंयस तिला?

सून : माझी जुनी कापडी टोपी. पाण्यातून काढल्यावर ओल टिपून घ्यायला.

सासू : टोपी घालून पोहणारी देवी! बघ कशी बघतेय माझ्याकडे. काळी झालीस गं, पार काळी झालीस. आणि मी खुळी, तुला रागावलेली समजून रडत बसले.

सून : मी आजच लिंबू लावते.

सासू : काही नको. राहू दे दोन दिवस. कामावर जाणाऱ्या बाईचं तोंड असंच असतं, रापलेलं. पण ऐक, उद्यापासून या औषधाच्या पाण्यात नाही बुडवायची. बाहेर हौदापाशी एक नळ पाहिला मी येताना. त्याला औषध नसेल ना?

सून : नाही. तो बोअरचा, थेट जमिनीतून येतो. पहाटेही असतो.

सासू : मग त्याचं पहिलं पाणी तिचं. इतकं साधं होतं ते. हुशारी नुसती ओसंडून चाललीय घरात.

सून : म्हणजे... ती माझ्याकडे राहणार?

सासू : ती कुणाकडे राहते ते ती ठरवते. रोज पहाटे कुणाबरोबर बाहेर पडते, ते दिसलंच मला. अगं, डोळे पूस. नाहीतर राहू दे, पाण्यात कुणाला कळतंय.

सून : ताईंना काय सांगायचं?

सासू : सांगेन मी. म्हणेन, देवीला सवड नाही, ती नोकरीला लागलीय. संगमरवरी कोनाड्यात घड्याळ ठेव म्हणावं. रुसेल दोन दिवस, जेवायला बोलावलं की येईल. काका, ही जरा तुमच्या हातात धरा. हात कोरडा आहे ना?

शिंपी : माझा? मी मानत नाही म्हणालो ना?

सासू : मानू नका. धरा फक्त.

सून : आणि तुम्ही काय करताय? आई! दांडा सोडलात?

सासू : तिकिटाचे पैसे भरलेत. फुकट कशाला घालवू? सांग काय करायचं ते.

सून : मान मागे टाका. कान पाण्यात जाऊ द्या. पोट वर. मी पाठीशी आहे. गुडघे सोडा.

सासू : गुडघे... अगं, दुखत नाहीत!

सून : नाही दुखणार. भार नाही त्यांच्यावर.

सासू : किती दिवसांनी गं. देवा रे. भारच नाही कुठे.

सून : आई, मी आता...

सासू : ते वाक्य मला नको सांगूस. माहितीय मला. काढ हात.

सून : काढला.

सासू : हं.

सून : घाबरलात?

सासू : नाही. उद्या तिला घेऊन निघशील ना, तेव्हा मलाही उठव.