अकरा नंबरची रेघ

हॅलो? … हां, बोल लस्त्री… नाही गं, झोपलो नव्हतो. पडवीत बसलोय. भातावरचं धुकं अजून उठलं नाही, बघता बघता डोळा लागतो, एवढंच… आई बाजारात गेलीय, सोयाबीनचं टेम्पे आणायला.

आज रविवार ना? मग ऑफिसात काय करतेस? … बरं, बरं. सावकाश सांग. तुझा बाप कॉम्प्युटर नाही.

… अकरा नंबरची रेघ? एक्याण्णव सालच्या तेलाच्या सर्वेक्षणातली? अगं, मीच ठोकल्या तिच्या खुंट्या. सुंबरजाती गावच्या टेकडीवरून खाली नदीपर्यंत. खुंटीखुंटीपाशी भोक, भोकात सुरुंग, आणि पुढे जमिनीत ओळीनं खोचलेले, परतीचा आवाज टिपणारे ते कान. सुरुंग उडाला की मी आडवा होऊन मातीला गाल लावायचो. वाटायचं, आवाज खाली खाली चाललाय, एकेका थराला हाक मारत, आणि तिथं कुणीतरी झोपेतच हुंकार देतंय…

हो, हो… ऐकतोय. भरकटलो नाही.

म्हणजे थर सपाट असला की आवाज सुरुंग आणि कान यांच्या मधोमध आपटून परत येतो. आणि तिरका असला की? … चढाकडे सरकून आपटतो. हां. तो सरकलेला ठिपका उचलून त्याच्या खऱ्या जागी ठेवायचा, हे तुझं सॉफ्टवेअर करतं. मग अडलं कुठे?

… चित्र मधेच पुसलं जातं? ओल्या बाटिकवर हात फिरल्यासारखं… किती वेळा चालवलंस? … नऊ वेळा. आणि साहेब म्हणतात तुलाच ते चालवता येत नाही. आज चित्र दिलं नाहीस तर काम दुसऱ्याकडे, आणि उद्या तेलाच्या विहिरीची जागा ठरणार… रडू नकोस गं.

कितव्या खुंटीपाशी पुसलं जातं?

… एकेचाळीस ते सेहेचाळीस.

…

थांब, जरा नीट बसतो.

लस्त्री, त्या सहा सुरुंगांचा पहिला धक्का कानांपर्यंत उशिरा पोचतो का? … तुला वाटलं चिखलामुळे. नाही बाळा. तिथे चिखल नव्हता, चुनखडक होता.

आता मध्ये बोलू नकोस. तिथे वडाखाली झरा आहे. गाव वसवणाऱ्या मूळपुरुषाची जागा. आमच्या सर्वेक्षण-टोळीच्या प्रमुखांनी बजावलं होतं, भोकं नकाशाप्रमाणेच घ्या. पण गावच्या म्हाताऱ्यांनी त्या वडाखाली आम्हाला जेवू घातलं. केळीच्या पानावर भाताचा डोंगर रचला होता. ज्याच्याकडे जेवलो त्याच्याच झऱ्याशी सुरुंग कसा लावू? माझा जोडीदार वागिमान आणि मी सहाही भोकं मागे घेतली, रेघेवरच, साठ पावलं. खुंट्यांवर आकडे मात्र नकाशातलेच रंगवले… हो, वहीतही तेच. नाही, कान जागेवरच राहिले. कुणालाच बोललो नाही, तुझ्या आईलाही नाही.

… चीड माझ्यावर. नऊ वेळा चालवलंस, हक्कच आहे तुझा.

हो, सगळी भोकं टेकडीकडे. माझं पाऊल? … त्यात कधी चुकलो नाही. साठ म्हणजे बेचाळीस मीटर. घाल आकडा. मी थांबतो.

…

पारवा घुमतोय इथे, ऐकू येतो का तुला? … धुकं जरा पातळ झालं. टेकडी निम्मीच दिसतेय, खालून तोडल्यासारखी, हवेत…

… उघडलं? तिरका थर वर येऊन सपाट थराला टेकलाय? मग तेल तिथेच अडून बसलेलं असणार. अगं, मग देऊन टाक चित्र साहेबांना. का नको?

… सांग. कशाच्या खाली?

… झऱ्याच्या.

…

पुसलेलंच चित्र देतेस? नको. तुझं काम जाईल, आणि ते अंदाजानं कुणाच्यातरी भातशेतात भोक पाडतील… काय म्हणालीस? नदीपलीकडून तिरकी विहीर खणता येते? … पण झऱ्यापासून लांब का, ते कारण लिहावं लागेल. आणि खुंट्या सरकवणाऱ्याचं नाव.

लिही. सुकिरान, खुंट्या ठोकणारा… वागिमानचं नको. त्याला विचारायला तो आता नाही. साठही पावलं माझीच म्हणून लिही.

… हो, नक्की. ठेव आता. चपला शोधतोय… सुंबरजातीला निघतो. गावकऱ्यांना हे माझ्या तोंडून कळू दे, विहीरवाल्यांच्या नको. ठेव.