मसाल्यावरून पेटलेलं भांडण

भांडणाऱ्यांची समजूत घालू नका, त्यांना कामाला लावा! आमच्या सोनई गावच्या बचत गटात सुमनताईंना काळा मसाला झणझणीत हवा, तर लताला बेताचा. दोघींचा अबोला, गट मोडायची वेळ. अध्यक्ष मी! वैतागून म्हटलं, "दोन्ही मसाले करा. पण बाजारात सुमनताईंचा लता विकेल आणि लताचा सुमनताई."

तोंडं वाकडी करत गेल्या. संध्याकाळी दोघींच्या पिशव्या रिकाम्या!

लता म्हणाली, "ताई, तुमचा मसाला लई भारी हाय, असं दिवसभर गिऱ्हाइकांना खोटं सांगितलं. आता मलाच खरं वाटाया लागलंय."

सुमनताईंनी पदराआडून एक पुडी काढली. "तुझ्यातली ही म्या इकलीच न्हाई. घरी न्यायला ठेवलीय."